मेंटेनन्सची वाढ आणि परदेशस्थ सदनिकाधारक

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या उपनगरांतील गृहनिर्माण संस्थांच्या सभासद-नोंदवहीत दुबई, न्यू जर्सी, सिंगापूर, मेलबर्न येथील पत्ते आता सर्रास आढळतात. कुणी नोकरीनिमित्त गेले आणि तिथेच स्थिरावले, कुणाच्या वाट्याला आई-वडिलांच्या पश्चात वारसाहक्काने सदनिका आली, तर कुणी निवृत्तीनंतर परतायचे म्हणून घर राखून ठेवले. घर कुलूपबंद असते किंवा भाड्याने दिलेले असते. संस्थेशी संबंध उरतो तो मासिक वा तिमाही बिलापुरता. या बिलाचा आकडा एखाद्या तिमाहीत दीडपट-दुप्पट झाला की वादाला तोंड फुटते.

अशा वेळी परदेशस्थ सभासदांची प्रतिक्रिया सहसा दोन टोकांची असते. काहीजण कटकट नको म्हणून मुकाट्याने पैसे भरतात. काहीजण संतापून सगळेच पैसे थांबवतात. यातील दुसरा मार्ग अधिक घातक आहे, कारण थकबाकीच्या वसुलीसाठी सहकार कायद्याने संस्थेच्या हाती जे हत्यार दिले आहे ते सभासदाच्या अनुपस्थितीतही चालते. त्याविषयी पुढे येईलच. आधी हे पाहायला हवे, की बिलातील कोणती वाढ करण्याचा संस्थेला अधिकार आहे आणि कोणती नाही.

संस्था की कॉन्डोमिनियम?

पहिला प्रश्न बिलाचा नाही, इमारतीच्या कायदेशीर स्वरूपाचा आहे. मुंबईच्या उपनगरांतील बहुतांश इमारती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. काही इमारती मात्र महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खाली घोषणापत्र करून ‘अपार्टमेंट’ किंवा ‘कॉन्डोमिनियम’ म्हणून अस्तित्वात आल्या आहेत. तिथे संस्था नसते, अपार्टमेंटधारकांचा संघ असतो. सदनिकाधारकाकडे भागपत्र आहे की नोंदणीकृत अपार्टमेंट खत, एवढे पाहिले तरी उत्तर मिळते. बोलीभाषेत दोन्हींना ‘सोसायटी’च म्हटले जाते आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

हा फरक केवळ नावाचा नाही. सहकारी संस्थेत सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान असते, घर मोठे असो वा छोटे. सुरक्षारक्षक, सफाई, जिन्यातील दिवे या सेवा चार खोल्यांच्या घराला जास्त आणि दोन खोल्यांच्या घराला कमी मिळतात असे नाही, हे त्यामागचे तत्त्व. व्हीनस सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने हीच भूमिका मान्य केली होती. क्षेत्रफळानुसार सेवाशुल्क घेण्याचा बहुमताचा ठराव तेथे टिकला नाही.

कॉन्डोमिनियममध्ये गणित उलटे आहे. १९७० च्या कायद्याच्या कलम १० नुसार सामायिक खर्चाची वाटणी प्रत्येकाच्या अविभाज्य हिश्श्याच्या टक्केवारीने होते आणि ही टक्केवारी घोषणापत्रात नमूद असते. पुण्यातील ट्रेझर पार्क या तीनशेहून अधिक सदनिकांच्या संकुलात याच मुद्द्यावर वाद झाला. व्यवस्थापनाने सर्वांना समान मेंटेनन्स लावला होता. छोट्या सदनिकाधारकांनी त्याला हरकत घेतली, उपनिबंधकांनी हिश्श्यानुसार आकारणी करण्याचा आदेश दिला आणि २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयानेही तो योग्य ठरवला. म्हणजे मोठ्या घराच्या मालकाला कॉन्डोमिनियममध्ये अधिक रक्कम द्यावी लागेल आणि त्याविरुद्ध ‘सेवा तर सारखीच मिळते’ हा युक्तिवाद चालणार नाही. हाच युक्तिवाद शेजारच्या सहकारी संस्थेत मात्र चालतो. त्यामुळे परदेशात बसून तक्रारीचा मसुदा लिहिण्यापूर्वी आपण कोणत्या कायद्याखाली येतो, याची खात्री करणे अनिवार्य ठरते. दुसऱ्या इमारतीतील मित्राने पाठवलेला निकाल आपल्या इमारतीला लागू होईलच असे नाही.

बिलाची फोड

सहकारी संस्थेच्या बिलात एकच ढोबळ आकडा असता कामा नये. उपविधींनुसार प्रत्येक बाब स्वतंत्र दाखवावी लागते आणि प्रत्येकीच्या वाटणीचा निकष वेगळा आहे. २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे मालमत्ता कर महापालिका आकारेल तसा वाटला जातो. पाणीपट्टी सदनिकेतील नळजोडांच्या संख्येवर व आकारावर ठरते. उद्वाहनाचा, म्हणजे लिफ्टचा खर्च त्या इमारतीतील सर्व सभासदांत समान वाटला जातो. तळमजल्यावरील सभासद लिफ्ट वापरत नाही किंवा परदेशस्थ सभासदाचे घर वर्षभर बंद आहे, या कारणाने त्यात सूट मिळत नाही. ‘आम्ही राहतच नाही, मग पैसे कशाचे?’ हा सर्वाधिक केला जाणारा आक्षेप म्हणूनच सर्वांत दुबळा ठरतो.

दुरुस्ती व देखभाल निधी आणि सिंकिंग फंड यांचा संबंध बांधकाम खर्चाशी आहे. सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या, जमिनीची किंमत वगळून, दरसाल किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडात आणि किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधीत जमा करावे लागतात. येथे ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा. सर्वसाधारण सभा यापेक्षा अधिक दर ठरवू शकते. उपनगरांत १९८० आणि ९० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या इमारतींची मोठी संख्या आहे. तीस वर्षे ओलांडलेल्या इमारतींना महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. तपासणी अहवालात दुरुस्ती सुचवली गेली, तर बिलात वाढ अटळ असते आणि ती बहुधा योग्यही असते. पुनर्विकासानंतर तर हा फरक डोळ्यांत भरतो. जिथे तीन मजले आणि एक पाण्याची टाकी होती, तिथे दोन-तीन लिफ्ट, यांत्रिक पार्किंग, अग्निशमन यंत्रणा, जनरेटर येतात आणि या प्रत्येक यंत्राचा वार्षिक देखभाल करार असतो. जुन्या रहिवाशांना नवे घर मोफत मिळते, पण ते चालवणे मोफत नसते.

शेवटी सेवाशुल्क. यात सुरक्षारक्षक व सफाई कामगारांचे वेतन, कार्यालयीन खर्च, छपाई, टपाल, सामायिक वीज, लेखापरीक्षण शुल्क, कायदेशीर खर्च, फेडरेशनची वर्गणी अशा बाबी मोडतात. ही रक्कम सदनिकांच्या संख्येने भागून समान वाटली जाते. परदेशस्थ सभासदासाठी हे शीर्षक सर्वांत कळीचे आहे, कारण घर भाड्याने दिल्यास लागणारे बिनभोगवटा शुल्क त्यावरच बेतलेले असते.

दहा टक्क्यांची मर्यादा

सभासद स्वतः राहत नसून घर भाड्याने दिलेले असेल, तर संस्था त्याच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. एकेकाळी या शुल्काला धरबंध नव्हता. भाड्याच्या टक्केवारीत, चौरस फुटाच्या दराने, मन मानेल तशी आकारणी होत असे आणि अनेक संस्थांनी उत्पन्नाचे साधन म्हणून त्याकडे पाहिले. १ ऑगस्ट २००१ रोजी राज्य शासनाने सहकार कायद्याच्या कलम ७९ अ खाली आदेश काढून या शुल्कावर मर्यादा घातली. महापालिकेचे कर वगळून उरणाऱ्या सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिनभोगवटा शुल्क म्हणून घेता येणार नाही, असे त्यात स्पष्ट झाले. त्याच महिन्यात, ९ ऑगस्ट रोजी, सदनिका हस्तांतराच्या अधिमूल्यावरही कमाल २५ हजार रुपयांची मर्यादा आली.

या आदेशाला न्यायालयात आव्हान मिळाले. दक्षिण मुंबईतील माँ ब्लां सहकारी गृहनिर्माण संस्थेने शासनाला असा आदेश काढण्याचा अधिकारच नाही, अशी भूमिका घेतली होती. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती अमान्य करून शासनाचा आदेश वैध ठरवला. वाद श्रीमंत वस्तीतला असला तरी त्याचा लाभ उपनगरांतील मध्यमवर्गीय सदनिकाधारकांनाच अधिक झाला, कारण घर भाड्याने देऊन परगावी वा परदेशी गेलेले सभासद येथे मोठ्या संख्येने आहेत. सर्वसाधारण सभेने एकमताने ठराव केला तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. ‘अनिवासी भारतीयांसाठी वेगळा दर’ असा काही प्रकार कायद्यात नाही.

एका काल्पनिक बिलावरून हे अधिक स्पष्ट होईल. समजा, घाटकोपरमधील एका सदनिकेचे मासिक बिल ६,२०० रुपयांचे आहे. त्यात मालमत्ता कर १,१००, पाणीपट्टी ६००, लिफ्ट ५००, सिंकिंग फंड ३००, दुरुस्ती निधी ९००, सेवाशुल्क २,०००, पार्किंग ३०० आणि बिनभोगवटा शुल्क ५०० रुपये आहे. संस्थेचे म्हणणे असे, की ५०० रुपये हे बाकीच्या ५,७०० रुपयांच्या दहा टक्क्यांपेक्षाही कमी आहेत, मग आक्षेप कशाला? पण दहा टक्के धरायचे ते फक्त सेवाशुल्काचे, म्हणजे २,००० रुपयांचे. बिनभोगवटा शुल्क २०० रुपयांहून अधिक घेता येत नाही. महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० रुपये जादा घेतले जात आहेत. याच बिलातील सिंकिंग फंडाचा आकडा मात्र बरोबर असू शकतो: सदनिकेचा बांधकाम खर्च १४ लाख ४० हजार असेल, तर त्याचे ०.२५ टक्के वर्षाला ३,६०० रुपये होतात, म्हणजे महिन्याला ३००, आणि ०.७५ टक्क्यांनी दुरुस्ती निधीचे ९००.

बिनभोगवटा शुल्काबाबत आणखी दोन गोष्टी ठाऊक असायला हव्यात. घर भाड्याने न देता केवळ कुलूपबंद ठेवले असेल, तर हे शुल्क लागत नाही. घरात आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, सून, जावई, नातवंडे असे कुटुंबीय राहत असतील, तरीही लागत नाही. मुलगा अमेरिकेत, सदनिका मुलाच्या नावावर आणि वृद्ध आई-वडील तिथेच राहतात, अशी घरे मुलुंड-बोरिवलीत कितीतरी आहेत. ‘सभासद राहत नाही’ एवढ्याच कारणावरून अशा घरांच्या बिलात हे शुल्क लावलेले आढळले, तर ते चूक आहे. आई-वडिलांना सहसा याची कल्पना नसते आणि शेजाऱ्यांशी वाद नको म्हणून ते भरत राहतात.

करांच्या बाबतीतही जुन्या सवयी काही संस्थांमध्ये टिकून आहेत. पूर्वी करपात्र मूल्यावर आधारित पद्धतीत भाड्याने दिलेल्या घराला मालमत्ता कर बराच अधिक बसत असे. २०१० पासून मुंबईत भांडवली मूल्यावर आधारित पद्धत आली आणि मिळणाऱ्या भाड्यावर कर बेतण्याचे कारण उरले नाही. तरीही बिलात ‘भाडेकरू असल्याने जादा कर’ अशी ओळ दिसली, तर महापालिकेच्या देयकाची प्रत मागावी. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना १ जानेवारी २०२२ पासून मुंबईत मालमत्ता करात माफी मिळाली. घर त्या मर्यादेत बसत असेल, तर ती सवलत संस्थेच्या बिलात उतरली आहे का, हेही तपासावे. कारण देयक बहुधा संपूर्ण इमारतीचे येते आणि वाटणी संस्था करते. वस्तू व सेवा कराचा प्रश्न मोठ्या संकुलांत येतो. संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांहून अधिक आणि प्रति सभासद मासिक वर्गणी ७,५०० रुपयांहून अधिक असेल, तर कर लागतो. जानेवारी २०१८ पूर्वी ही वर्गणीची मर्यादा ५,००० रुपये होती.

सभेत नसलेल्याचा आवाज

वर सांगितलेले नियम सदनिकाधारकाच्या बाजूचे आहेत. तरीही परदेशस्थ सभासद वारंवार हरतो, याचे कारण सभेत सापडते. दुरुस्ती निधीचा दर, पार्किंगचे शुल्क, विलंबावरील व्याज हे सारे सर्वसाधारण सभा ठरवते. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची सूचना १४ दिवस आधी द्यावी लागते. प्रत्यक्षात सूचना फलकावर लागते, सभेला मोजकीच मंडळी जमतात, चहा-सामोशाच्या साक्षीने चार ठराव संमत होतात आणि न्यू जर्सीतील सभासदाला ते कळते पुढच्या बिलातून.

इथे अनेकांची एक चूक होते. परदेशी जाताना ते एखाद्या नातेवाइकाच्या नावे मुखत्यारपत्र करून देतात आणि आता सभेचाही प्रश्न सुटला असे समजतात. आदर्श उपविधींनुसार मुखत्यारपत्रधारकाला किंवा प्रतिनिधीला सभासदाच्या वतीने सर्वसाधारण सभेस उपस्थित राहता येत नाही. मुखत्यारपत्र भाडेकरार करण्यास, बँकेचे व्यवहार करण्यास, न्यायालयात दावा चालवण्यास उपयोगी पडते. सभेत मत देण्यास नाही. त्यासाठी मार्ग आहे तो सहयोगी सभासदत्वाचा. २०१९ साली सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी प्रकरण तेरा-ब समाविष्ट झाले. त्यानुसार पती, पत्नी, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून, भाचा-पुतण्या, भाची-पुतणी अशा नातलगास सभासदाच्या लेखी शिफारशीवरून सहयोगी सभासद करून घेता येते आणि सभासदाच्या लेखी संमतीने तो सभेत मतदान करू शकतो. भागपत्रावर नाव नसले तरी चालते. सदनिका दोघांच्या नावे असेल आणि एकजण मुंबईत असेल, तर पहिले नाव कुणाचे आहे तेही पाहावे. पहिल्या नावाच्या व्यक्तीच्या अनुपस्थितीत पुढच्या नावाला मताचा अधिकार मिळतो. कोविडच्या काळात राज्य शासनाने दूरदृश्य माध्यमातून सभा घेण्यास मुभा दिली, तेव्हा परदेशस्थ सभासद प्रथमच मोठ्या संख्येने सभांमध्ये दिसले आणि हिशेबावर प्रश्न विचारू लागले, ही बाब अनेक पदाधिकाऱ्यांना फारशी रुचली नव्हती.

सभेला उपस्थित राहणे शक्य नसले तरी लेखी हरकत घेता येते. कच्च्या इतिवृत्तावर निरीक्षणे कळवण्यासाठी उपविधींत पंधरा दिवसांची मुदत आहे. ती साधली, तर ‘ठराव एकमताने झाला’ असे पुढे कुणी म्हणू शकत नाही. ठराव घाईने किंवा अपुऱ्या सूचनेवर झाला असेल, तर एक पंचमांश सभासदांच्या मागणीवरून विशेष सभा बोलवावी लागते. चाळीस सदनिकांच्या इमारतीत हा आकडा आठ भरतो आणि त्यातील तीन-चार घरे तरी अनिवासी सभासदांची असणे उपनगरांत नवलाचे राहिलेले नाही.

कागदपत्रे हा या साऱ्याचा पाया. ठरावाची प्रत, लेखापरीक्षित ताळेबंद, सुरक्षा व लिफ्ट कंपनीशी झालेला करार, दुरुस्तीची निविदा यांच्या प्रती सभासद शुल्क भरून मागू शकतो. संस्थेने दाद दिली नाही, तर माहितीचा अधिकार थेट संस्थेवर चालत नाही. केरळमधील थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये सहकारी संस्था या कायद्याखाली आपोआप सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाहीत, असा निर्णय दिला. मात्र संस्थेने उपनिबंधक कार्यालयात सादर केलेली कागदपत्रे तिथून माहिती अधिकाराखाली मागता येतात. हा अधिकार भारतीय नागरिकांचा आहे. परदेशी नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड बाळगणाऱ्यांना तो नाही. त्यांनी मुंबईतील सहसभासदाकरवी अर्ज करावा.

तक्रार कोठे करावी?

पहिली तक्रार संस्थेकडेच, लेखी स्वरूपात. ई-मेलने पाठवली तरी तीच प्रत नोंदणीकृत टपालाने पाठवलेली बरी. तीत ‘मेंटेनन्स खूप वाढला’ असे मोघम न लिहिता शीर्षक, जुना दर, नवा दर, वाढीच्या ठरावाची तारीख आणि कोणत्या उपविधीचा भंग झाला हे नमूद करावे. उत्तर आले नाही तर पुढची पायरी.

येथे रस्ता दोन ठिकाणी फुटतो. आदर्श उपविधींतील विभागणीप्रमाणे बिनभोगवटा शुल्क, हस्तांतराचे जादा अधिमूल्य, कागदपत्रांच्या प्रती न देणे, सभा न बोलावणे या तक्रारी निबंधकांकडे जातात. सभासदांकडून देय रकमेपेक्षा अधिक वसुली आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावांची वैधता हे विषय मात्र कलम ९१ खाली सहकार न्यायालयाचे आहेत. उपनिबंधक कार्यालयात सहा महिने हेलपाटे घातल्यावर ‘हा विषय आमच्या अधिकारात नाही’ असे पत्र हाती पडण्याचा अनुभव पुष्कळांना येतो, तो या विभागणीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

मुंबईत उपनिबंधकांचे कार्यक्षेत्र महापालिकेच्या विभागांनुसार आहे. अंधेरी पूर्वेसाठी के पूर्व, पश्चिमेसाठी के पश्चिम, बोरिवलीसाठी आर मध्य, घाटकोपरसाठी एन आणि मुलुंडसाठी टी विभाग. म्हाडा वसाहतींतील संस्थांसाठी मात्र वेगळे उपनिबंधक आहेत. घाटकोपरच्या पंतनगरमधील सदनिकाधारकाने एन विभागाच्या कार्यालयात तक्रार नेली, तर ती परत येण्याची शक्यता मोठी. सहकार न्यायालयाच्या निर्णयाविरुद्ध अपील महाराष्ट्र राज्य सहकारी अपील न्यायालयाकडे करता येते. दावा दाखल करण्यापूर्वी मुंबई डिस्ट्रिक्ट को-ऑपरेटिव्ह हाउसिंग फेडरेशनचे मार्गदर्शन घेणेही उपयुक्त ठरते; कित्येकदा संस्थेचा सचिव केवळ जुन्या उपविधींवर चालत असतो आणि योग्य परिपत्रक समोर ठेवल्यावर बिल दुरुस्त करून मिळते.

थकबाकीचा सापळा

वाद कोणत्याही पायरीवर असला तरी बिल पूर्णपणे थांबवू नये. मान्य असलेली रक्कम वेळेवर भरावी आणि वादग्रस्त रक्कम ‘निषेध नोंदवून’ भरावी किंवा न भरण्याचे कारण लेखी कळवावे. २०१४ च्या आदर्श उपविधींत विलंबावर दरसाल कमाल २१ टक्के सरळ व्याज आकारण्याची मुभा आहे. हे व्याज सरळ असते. चक्रवाढ पद्धतीने लावलेले आढळल्यास ते आव्हानास पात्र आहे. मागणी नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत रक्कम न भरणारा सभासद थकबाकीदार ठरतो.

त्यानंतरची पायरी परदेशस्थ सभासदांना बहुधा ठाऊकच नसते. संस्था उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करते. पूर्वी हे कलम १०१ खाली होत असे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांसाठी कलम १५४ ब-२९ आहे. उपनिबंधक सभासदाला नोटीस काढतात, ती संस्थेच्या दप्तरी असलेल्या पत्त्यावर जाते आणि तो पत्ता असतो त्याच कुलूपबंद सदनिकेचा. नोटीस दाराला चिकटवली जाते, सुनावणीला कुणी हजर राहत नाही, दाखला एकतर्फी निघतो. या दाखल्याच्या आधारे जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करता येते. १९६१ च्या नियमांतील नियम १०७ नुसार वसुली अधिकारी सदनिका जप्त करून तिचा लिलावही करू शकतो. काही लाखांच्या थकबाकीपायी दीड-दोन कोटींचे घर लिलावाच्या उंबरठ्यावर येऊ शकते, ते असे. वसुली दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा, तर कलम १०१ च्या दाखल्यांबाबत कलम १५४ (२अ) नुसार थकबाकीची निम्मी रक्कम आधी संस्थेकडे भरावी लागते. मगच अर्ज ऐकला जातो.

म्हणून परदेशातील पूर्ण पत्ता, ई-मेल आणि मुंबईतील एखाद्या विश्वासू नातलगाचा पत्ता संस्थेला लेखी कळवून त्याची पोच जपून ठेवावी. पुढे नोटीस चुकीच्या पत्त्यावर गेल्याचा मुद्दा मांडायचा, तर ही पोच हाच पुरावा.

उलट बाजूने, वसुलीसाठी सदनिकेचे पाणी तोडणे, भाडेकरूला लिफ्ट बंद करणे, त्याच्या पाहुण्यांना फाटकावर अडवणे अशा उपायांना उपविधींत आधार नाही. संस्थेने कायद्याचा मार्ग सोडून असे काही केले, तर भाडेकरूकडून लगेच लेखी निवेदन घ्यावे, छायाचित्रे काढावीत आणि पोलीस ठाण्यातील नोंदीसह उपनिबंधकांकडे तक्रार करावी. कॉन्डोमिनियममध्ये न भरलेला सामायिक खर्च हा त्या अपार्टमेंटवरील बोजा ठरतो आणि घर विकताना खरेदीदाराच्या वकिलाच्या नजरेस तो हमखास येतो. सामायिक सुविधा वापरत नाही, असे सांगून तेथेही खर्चातून सुटका होत नाही.

दावा परदेशातून चालवायचा, तर मुखत्यारपत्र लागते आणि त्यातील एक तांत्रिक बाब बरेचदा निसटते. मुखत्यारपत्र परदेशात करताना ते भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्यावे किंवा त्या देशातील नोटरीसमोर करून त्यावर अपोस्टिल घ्यावे. त्यात सहकार न्यायालयात व निबंधकांसमोर बाजू मांडण्याचा, संस्थेकडून कागदपत्रे घेण्याचा आणि रक्कम निषेध नोंदवून भरण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत लिहावा. केवळ ‘घराची देखरेख’ असा उल्लेख पुरत नाही. दस्त महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. ही मुदत टळली, तर दंडासह शुल्क भरेपर्यंत तो पुराव्यात घेतला जात नाही आणि पहिल्याच तारखेला समोरच्या वकिलाची पहिली हरकत याच मुद्द्यावर येते.